नाटकाची रात्र, पेपरची सकाळ

प्रश्न : बाई, नमस्कार. मी २४ वर्षांचा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावचा. घरी अडीच एकर धान आहे. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीत ५० पैकी ४४ गुण पडले, कसे पडले ते माझं मलाच कळलं नाही. गावात सगळे आईला म्हणू लागले, पोरगा लागला. लेखी परीक्षेआधीचे पंधरा दिवस मात्र मी पुस्तक उघडलं नाही. बाबा नको म्हणत होते, तरी रोज बांधीवर धान कापायला जात राहिलो. पेपरच्या आदल्या रात्री शेजारच्या गावी नाटक होतं. ते पहाटेपर्यंत पाहिलं आणि तसाच गाडीवर बसून भंडाऱ्याला गेलो. पेपरात डोळे मिटत होते. थोडक्या गुणांनी राहिलो. माझ्यासोबत रोज धावणारा मित्र मैदानातच बाद झाला होता. नाटकाला आम्ही दोघंच होतो. आई म्हणते, 'हातात आलेलं तूच घालवलं, बाबू.' मी असं का केलं?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आतापर्यंत चारजणांनी तुला आळशी म्हटलं असेल. आळशी माणूस पंधरा दिवस विळा घेऊन बांधीत वाकत नाही रे. तू राबलास, पण ज्या कामात तुझं पाणी जोखलं जाणार होतं तेवढंच सोडून.

'कसे पडले ते माझं मलाच कळलं नाही' या वाक्यापाशी मी थांबले. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी उत्तरच नसलेले प्रश्न दिले आणि तरीही 'छान सोडवलेस' असं सांगितलं. मग दुसऱ्या फेरीआधी दोन औषधांतून एक निवडायला दिलं. एकाने डोकं तल्लख चालेल, दुसऱ्याने मंद होईल, असं सांगून. आपल्याला यश कशामुळे मिळालं हे ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांचा, त्यातही मुलग्यांचा, ओढा मंद करणाऱ्या औषधाकडे दिसला. पुढे गुण कमी पडले तर दोष औषधावर जाणार होता, आधीची शाबासकी शाबूत राहणार होती.

आता तुझी रात्र बघ. रात्रभर जागून पेपर गेला, तर गाव म्हणणार, झोप नडली. पोटभर झोपून जाऊनही गेला असता, तर? त्या 'तर'ची तुला धास्ती होती. ४४ गुणांनी गावाच्या नजरेत तुला उंच नेऊन बसवलं आणि तू खाली पाहिलंस.

पण एवढ्यानेही सगळं उलगडत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं. वरच्या पदाच्या परीक्षेचा अर्ज एकदा मी पूर्ण भरला होता, फोटो चिकटवून, सही करून. लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवला. मुदतीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात सरगुंडे वळत बसले आणि शाळेत सांगितलं, एसटी चुकली. माझे यजमानही शिक्षक. मी वर गेले असते तर त्यांच्या शाळेची तपासणी माझ्याकडे आली असती. ते यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पुढे जायचं नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं. तो अर्ज अजून पेटीत आहे, डिंकाने फोटोचा कोपरा पिवळा पडलाय. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून तुझ्या मित्राबद्दल विचारते. तो बाद झाल्यावर पहाटे रस्त्यावर एकट्याने धावताना तुला कसं वाटायचं? त्या रात्री त्याला एकट्याने नाटकाला जाऊ देणं तुला जड गेलं असेल, असं मला वाटतं. त्याच्याशी एकदा बोल. पुढच्या वेळी पेपरच्या आदल्या दिवशी त्यालाच म्हण, 'मले भंडाऱ्याले सोडून दे.' सोबत तुटत नाही, आणि तू मुक्कामी लवकर पोचतोस. तिथे एखाद्या नातेवाइकाकडे जेव आणि झोप. नाटकाचं वेड मलाही आहे. दिवाळी सरली की वडसाच्या नाटक कंपन्या आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, गावोगाव येतात, रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. पुढची नाटकं कुठे पळून जात नाहीत.

त्याआधी एक कर. वही घे आणि त्या ४४ गुणांचा हिशेब मांड. किती महिने पहाटे उठलास, १६०० मीटरला सुरुवातीला किती वेळ लागायचा, शेवटी किती, गोळा कुणी शिकवला. कसे पडले ते तुझ्याच अक्षरात तुझ्यासमोर येईल. मग दर रविवारी घड्याळ लावून ९० मिनिटांत १०० गुणांचा जुना पेपर सोडव आणि गुण बाबांना सांग, ४८ पडले तरी. कमी गुण चारचौघांत सांगायची सवय नसली की माणूस पेपरच टाळतो.

झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर यातलं काही करत बसू नकोस. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.

आईला हे पत्र वाचून दाखव. आणि पहिल्या रविवारचे गुण मला कळव, किती का पडेनात.