सिम्युलेशनमध्ये ९९ टक्के शोषण, छापल्यावर काहीच नाही. चूक कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोवेव्ह शोषणारा पत्रा बनवायला १२५ मायक्रॉनच्या पीईटीवर (प्लास्टिक फिल्मवर) सांगलीतल्या लग्नपत्रिकावाल्याकडून सिल्व्हर इंकचे ८.५ मिमी चौकोन छापून घेतले, मागे फॉइल लावलं, पण १० गिगाहर्ट्झला लहरी शोषल्याच जात नाहीत.

डिझाइन चुकलेलं नाही, ते फार नाजूक आहे. इतक्या पातळ थरावर शोषणाचा वारंवारिता-पट्टा जेमतेम १००-२०० मेगाहर्ट्झचा असतो. छापताना इंक चारी कडांना ०.१ मिमी पसरली की चौकोन ०.२ मिमीने वाढतो आणि शोषणाची वारंवारिता साधारण २३० मेगाहर्ट्झ खाली सरकते. त्यात सुकवताना १३० अंशाला पीईटी आकसतं. एक टक्का आकसलं तरी ती १०० मेगाहर्ट्झ वर जाते. कॉलेजातल्यासारख्या गन डायोडच्या मायक्रोवेव्ह बेंचवर एकाच वारंवारितेला मोजत असाल तर शोषण शेजारी घडतंय आणि तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

माझं मत, चांदी सोडा. कार्बन इंकची चौकोनी रिंग छापा आणि फिल्म व फॉइलमध्ये ३ मिमी ईव्हीए फोम घाला. पट्टा रुंद झाला की छपाईची चूक पोटात जाते. जाडी लागणारच: ८ ते १२ गिगाहर्ट्झ पूर्ण पट्ट्यात ९० टक्के शोषण हवं, तर चुंबकीय नसलेल्या शोषकाला ०.७३ मिमीपेक्षा कमी जाडी सैद्धांतिकदृष्ट्याच अशक्य आहे.

सगळा खेळ शीट रेझिस्टन्सचा, म्हणजे छापलेल्या थराच्या एका चौकोनाच्या रोधाचा. प्रत्येक शीटच्या कडेला १० मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी छापायला सांगा. टोकांना सिल्व्हर पेस्ट लावून मल्टिमीटरने मोजा आणि १० ने भागा. आला तो ओहम प्रति चौकोन. समजा ४० आला. मग १० मिमी आवर्तनात (दर १० मिमीला एक रिंग, म्हणजे प्रत्येकीला १०० चौ. मिमीचं घर) बाहेरून ८ मिमी, १ मिमी रुंद कडांची रिंग धरा. विद्युत क्षेत्राला समांतर दोन बाजूंचं क्षेत्रफळ १६ चौ. मिमी, म्हणजे प्रभावी रेझिस्टन्स अंदाजे ४० × १०० / १६ = २५० ओहम. मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहम इंपीडन्सच्या आसपास फिरायला ही बरी सुरुवात आहे. पुढचं माप सिम्युलेशनमध्ये ठरवा, पण तिथे इंकच्या डब्यावरचा नव्हे, पट्टीवर मोजलेला आकडा भरा.

छापणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. कोरं पीईटी आधी १३० अंशाला अर्धा तास भाजून घ्या, म्हणजे आकसायचं ते आधीच आकसेल. आणि एप्रिलच्या उन्हात इंक जाळीत सुकायला लागली की हात आपोआप थिनरच्या बाटलीकडे जातो. थिनरने थर पातळ होतो, रेझिस्टन्स चढतो, आणि पहिली शीट नि विसावी शीट दोन वेगळ्या वस्तू होतात. इंकवाल्याचाच हळू सुकणारा रिटार्डर वापरा. ७७ टी (सेंटिमीटरला ७७ धागे) जाळी पुरे.

स्वयंपाकघरातलं फॉइल चालतं. १० गिगाहर्ट्झला अॅल्युमिनियममध्ये लहर ०.८ मायक्रॉनच शिरते. सुरकुत्या मात्र नकोत. छापील बाजू फोमकडे ठेवा, म्हणजे पावसाळी ओल आणि ओरखडे पीईटी झेलेल. चिकटवायला फोम टेप नको, ती जाडी वाढवते. पातळ स्प्रे घ्या आणि बुडबुडे रबराने काढा.

मोजताना नमुना ३० × ३० सेंमी तरी हवा. आधी हॉर्न अँटेनासमोर तेवढाच धातूचा पत्रा ठेवून वाचन घ्या, मग त्याच जागी नमुना. फरक १० डीबी आला तर ९० टक्के शोषण झालं. लवचीकपणा तपासायला शीटच्या कडेची ती मोजायची पट्टी ४० मिमी पीव्हीसी पाइपवर शंभर वेळा गुंडाळा आणि ओहम पुन्हा मोजा.