शंटिंगचं डिझेल इंजिन काळा धूर का सोडतं, आणि त्यात बघण्यासारखं काय आहे

तुमचे दोन प्रश्न आहेत. नागपूर स्टेशनवर डबे हलवणारं जुनं डिझेल उभं असताना अडखळत धडधडतं आणि निघताना काळाकुट्ट धूर सोडतं, म्हणजे ते बिघडलंय का? आणि अजनी शेडची चकाचक, विजेवर चालणारी डब्ल्यूएपी-७ समोर असताना लोक त्याचे फोटो का काढतात?

बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं, आणि फोटो काढायचं कारणही याच धुरात आणि धडधडीत आहे.

ही सगळी अल्को घराण्यातली इंजिनं. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीकडून १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिनाची जात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण आपल्याकडे तिच्या पोटातलं तेच २५१ मॉडेलचं इंजिन सुधारत सुधारत पुढची कित्येक दशकं चाललं. सोळा सिलिंडर, चार स्ट्रोक, डब्ल्यूडीएम-२ मध्ये २६०० अश्वशक्ती. पुढे डब्ल्यूडीएम-३ए मध्ये ३१०० आणि ३डी मध्ये ३३००.

आधी धडधड. आयडलला, म्हणजे नुसतं चालू ठेवलेलं असताना, हे इंजिन मिनिटाला ४०० फेरेच फिरतं. टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तेव्हा जवळजवळ झोपलेला असतो, त्यामुळे सिलिंडरमधून बाहेर पडणारा प्रत्येक ठोका जसाच्या तसा कानावर येतो. आठव्या नॉचला, म्हणजे ड्रायव्हरच्या थ्रॉटलच्या शेवटच्या पायरीवर, तेच इंजिन १००० फेऱ्यांवर असतं. टर्बो पूर्ण वेगात असतो आणि ठोके त्याच्या शिट्टीत बुडून जातात.

आता धूर. ड्रायव्हरने नॉच वाढवला की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर लगेच फ्युएल रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारा दांडा) पुढे ढकलतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल वाढतं. पण ते जाळायला जी जास्तीची हवा लागते ती टर्बो देतो, आणि टर्बो फिरतो इंजिनच्याच एक्झॉस्टवर. एक्झॉस्ट वाढेपर्यंत टर्बो वेग घेत नाही, आणि तोवर डिझेल येऊन पडलेलं असतं. फुंकणी न मारता चुलीत लाकडं कोंबली तर घरभर जे होतं, तेच इथे होतं. काही सेकंदांनी टर्बो पकडतो आणि धूर विरळ होत जातो. हाताचा चांगला ड्रायव्हर एकेक नॉच थांबून घेतो, त्यामुळे त्याच्या हाताखाली तेच इंजिन कमी धूर सोडतं. म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभं राहून कॅबमधल्या माणसाचा हात ओळखता येतो. मला या इंजिनांची गोडी लागली ती यामुळेच.

नंतरच्या जीएम (जनरल मोटर्स) घराण्यातल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि कमी लोडवर टर्बोला इंजिनच गिअरने फिरवतं. हवा आधीपासून हजर, म्हणून तो धूर नाही. इंजिन म्हणून ते सरस आहे, यात मला शंका नाही. पण त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेर उभ्या माणसाला अल्कोइतकं कळत नाही.

डब्ल्यूडीएम-२ ची आणखी एक गोष्ट आता क्वचितच ऐकायला मिळते, ती म्हणजे ट्रान्झिशन. डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही; ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर चाकांच्या ट्रॅक्शन मोटर चालतात. या सहा मोटर सुरुवातीला दोन-दोनच्या जोड्यांत सिरीजमध्ये असतात आणि अशा तीन जोड्या समांतर. गाडी उपसायला भरपूर करंट लागतो, तो या जोडणीत जनरेटरवर फार ताण न देता मिळतो. वेग वाढला की मोटरमधलं उलट व्होल्टेज वाढतं आणि जनरेटरचं व्होल्टेज अपुरं पडू लागतं. मग सहाही मोटर समांतर जोडल्या जातात. बदलाच्या त्या क्षणी लोड काढावा लागतो. अँमीटरचा काटा धपकन खाली येतो, इंजिनाचा आवाज हलका होतो, आणि क्षणभरात लोड परत बसतो तसा आवाज पुन्हा भारी होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं ड्रायव्हरने नॉच सोडला. त्याने काहीच केलेलं नसतं भाऊ, हे आपोआप होतं!

इटारसी मार्गावर धाराखोह-मरामझिरीच्या घाटात उतरताना डायनॅमिक ब्रेक लागे. तेव्हा याच मोटर जनरेटर होत आणि गाडीची ताकद ग्रिडमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या रोधकांच्या जाळीत, उष्णता होऊन जाई. ते ग्रिड थंड ठेवणाऱ्या ब्लोअरचा आवाज अगदी निराळा.

तर पुढच्या वेळी शंटिंग बघाल तेव्हा नॉच वाढल्यावर धूर किती वेळ टिकतो ते बघा. टर्बोची शिट्टी चढली आणि धूर पातळ झाला, तर इंजिन ठीक. शिट्टी चढूनही एकाच नॉचवर काळा धूर तसाच राहिला, तर इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बो बघायला हवा. आणि धूर निळसर असेल, तर डिझेलबरोबर लूब ऑइलही जळतंय. बराच वेळ आयडलवर उभं राहून निघालेल्या इंजिनात थोडा निळसर धूर दिसतो आणि मग जातो. चालत्या लोडवरही तो थांबला नाही, तर त्या इंजिनाला शेडची गरज आहे.