मधोमध धुराडे असलेली घरे

प्रश्न : सतराव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांनी बांधलेली घरे कडाक्याच्या हिवाळ्यात उबदार कशी राहत?

उत्तर : खरे तर ती फारशी उबदार नसत. ओकच्या जाड तुळया एकमेकींच्या खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी जखडलेला सांगाडा आणि मधोमध विटांचे अवजड धुराडे, अशी रचना डेडहॅम येथील सुमारे १६४१ सालच्या फेअरबँक्स घरात आजही पाहता येते. धुराड्याच्या दोन्ही अंगांना चुली असल्या, तरी बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाई. म्हणून स्वयंपाक, सूतकताई आणि पुष्कळदा झोपणेही चुलीच्याच खोलीत होई. निजण्यापूर्वी निखारे भरलेले, लांब दांड्याचे झाकणदार भांडे अंथरुणातून फिरवत. सरपण फोडण्याचे कष्ट मात्र अपार होते. यावर उपाय म्हणून अमेरिकी संशोधक बेंजामिन फ्रँकलिनची लोखंडी शेगडी पुढे १७४० च्या दशकात आली.