मुलगा अडीच वर्षांचा झाला, सात-आठच शब्द बोलतो. नागपुरात कुठे दाखवायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आई, पापा, पाणी धरून सात-आठ शब्द आहेत, बाकी सगळं तो हात धरून ओढत नेऊन दाखवतो, सासूबाई म्हणतात याचे बाबापण उशिराच बोलले, प्लेस्कूलच्या मॅडम म्हणतात घरी इंग्लिश बोला आणि डॉक्टर म्हणाले स्पीच थेरपी लावा, तर सुरू कुठून करायचं. आमची पोरगी या वयाची असताना आम्हीपण याच गोंधळात होतो, आता शाळेत जाते अन् बोलून बोलून डोकं खाते, म्हणून लिहून राहिलो. मी डॉक्टर नाही, बुटीबोरीला कंपनीत नोकरी करतो, ते लक्षात ठेवून वाचा.

पहिले कान. थेरपीच्याही आधी. मागून टाळी वाजवली की वळतो, म्हणजे ऐकू येतं, असं प्रत्येक घरात म्हणतात पण ती काही तपासणी नाही. काही पोरांना दार आपटलेलं, ट्रकचा हॉर्न, ढोल सगळं ऐकू जातं पण स, श, फ असे बारीक आवाज पोचतच नाहीत, मग बोलणं त्यांना अर्धवट ऐकू येतं आणि अर्धवट ऐकून कोण बोलायला शिकणार. कधी वारंवार सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, ताप येत नाही, कोणाच्या लक्षातच येत नाही. मेडिकल, मेयो नाहीतर मिहानच्या एम्समध्ये, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, ईएनटी ओपीडीत (कान-नाक-घसा) दाखवा आणि ऐकण्याची तपासणी लिहून मागा. बेराची, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणाऱ्या टेस्टची, तारीख कधीची मिळते ते तिथेच विचारा, कारण लांबची असली तर धंतोली-रामदासपेठेत प्रायव्हेटमध्ये करून घेतलेली बरी, वाट पाहत बसू नका.

ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का) आणि इम्पिडन्स (पडद्यामागे पाणी आहे का) या टेस्ट काही मिनिटांत होतात, बेराला मात्र पोरगं गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सांगतात की रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि रस्त्यात झोपू देऊ नका. बाप्पा, ते शेवटचं सांगायला सोपं आहे. आमची ही स्कूटरवर मागे बसून पूर्ण वर्धा रोडभर पोरीला गाणी ऐकवत होती, गुदगुल्या करत होती, आणि नंबर यायच्या जरा आधी ती झोपली ती झोपलीच, आत नेताना जागी झाली आणि मग औषध देऊन झोपवावं लागलं. तुम्ही कोणाला तरी सोबत न्या, एकट्याने नाही जमत.

आता सासूबाईंचं. त्या खोटं नाही बोलून राहिल्या, पण घरात कोणी उशिरा बोललेलं असणं हे थांबायचं कारण नाही, उलट तपासायचं कारण आहे, कारण भाषा उशिरा येणं घराण्यात चालतं. मुलगे उशिरा बोलतात हेही सरासरीने थोडंफार खरं आहे, पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा असतो. दोन वर्षांच्या पोराला साधारण 50 शब्द आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन-दोन शब्द जोडता येतात, त्या हिशोबाने तुमचा मुलगा बराच मागे आहे. अशी बरीच मुलं पुढे आपोआप गाठतातही, पण कोणतं गाठेल हे आज बघून कोणी सांगू शकत नाही. आणि वेखंड, मध, जिभेखालची तार कापणं यापैकी कशानेही शब्द येत नाहीत. तार आखूड असली तर उच्चार फार तर थोडे अडतील, बोलणंच थांबत नाही.

शब्दांपेक्षा समज जास्त बघा. हात न दाखवता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का, नावाने हाक मारली तर बघतो का, विमान गेलं की बोट करून तुम्हाला दाखवतो का, खोटं-खोटं चहा पितो का. हे सगळं होत असेल तर जीवाला जरा शांतता. नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील तर डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना, दाखवणं आलंच. ऑटिझमसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली असते, ती 16 ते 30 महिन्यांपर्यंतची आहे, म्हणजे तुमचा मुलगा अगदी काठावर आहे, याच आठवड्यात डॉक्टरांकडून भरून घ्या. घाबरून जाऊ नका, बोलायला उशीर म्हणजे ऑटिझमच असं नाही.

पैशाचं म्हणाल तर अंगणवाडीतल्या ताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून 2013 पासून आहे, त्यात अंगणवाडीतल्या पोरांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायला पाहिजे आणि उशीर दिसला तर जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरला (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) फुकट पाठवतात. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्रपण आहे, तिथेही विचारा. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात थेरपीचे पैसे मिळतात पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तरच, नुसत्या स्पीच डिलेला नाही, म्हणून दिव्यांग सर्टिफिकेटच्या मागे आताच धावू नका.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयचा (थेरपिस्टची नोंदणी करणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, खरा माणूस रागावत नाही. डिग्री बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, म्हणजे ऐकणं आणि बोलणं या विषयातली असते. आईबापाला बाहेर बसवून दार लावून घेणारे मला पटत नाहीत, कारण सेशन आठवड्यात किती, अर्धा-पाऊण तास, बाकी पूर्ण आठवडा पोरगं तुमच्याजवळ आहे. काय केलं अन् घरी काय करायचं हे जो दाखवतो तो चांगला. तीन महिन्यांत बोलेल अशी गॅरंटी देऊन पॅकेजचे पैसे आधीच मागणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

घरचं काम मात्र आजपासून, रिपोर्टची वाट न बघता. ‘बोल, पाणी म्हण, म्हण ना’ हे बंद, पोरगं परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं. त्याऐवजी दोन वस्तू समोर धरून ‘दूध की पाणी?’ म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा, हे थांबणंच सगळ्यात कठीण आहे, आपल्याला राहवत नाही. तो ‘पाणी’ म्हणाला की तुम्ही ‘थंड पाणी’ म्हणा, एकच शब्द वाढवा. आमच्याकडे संत्र्याने लय काम केलं, एक संत्रं सोलायला बसलं की सोल, फोड, बी काढ, आंबट, अजून, संपलं, एवढे शब्द पंधरा मिनिटांत येतात आणि प्रत्येक फोडीला ते परत येतात. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत पोरांना बोलणं नीट कळत नाही, बोलायचं तेव्हा तो थोडा वेळ बंद करा किंवा तोंडासमोर बसून बोला, टीव्ही तर बंदच. मोबाईलचं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2019 मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं.

आणि ते घरी इंग्लिश बोला, ते विसरा. आम्हालाही एका शाळेत हेच सांगितलं होतं. दोन-तीन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, नागपुरात अर्ध्या पोरांचं असंच असतं आणि बोलून राहिली ना. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, तीच बोला. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मोजा, तो घरी पाणी आणि शाळेत वॉटर म्हणत असेल तर दोन्ही लिहा. ही यादी आणि घरी खेळतानाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा, कारण डॉक्टरांसमोर पोरं हमखास तोंड शिवून बसतात.