पीसीओएसच्या गोळ्या : कोणती, किती आणि कुठपर्यंत?

पीसीओएस (अंडाशयाचं काम आणि हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होणारी अवस्था) असलेल्या वाचकांच्या पत्रांत सध्या एक गोष्ट सारखी दिसते. गोळ्यांच्या डब्यांची संख्या वाढत जाते, पण त्यातली कोणती कशासाठी चालू आहे हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. अशी चार पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : वय २६, वजन ८० किलो. पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. उपाशीपोटी साखर नॉर्मल आहे. इनोसिटॉल घ्यायचं मनात आहे, पण प्रत्येक डब्यावर वेगळं प्रमाण लिहिलेलं आहे. कोणतं घेऊ? आणि त्यासोबत खाण्यात काय बदलू?

उत्तर : साखर नॉर्मल आली म्हणजे इन्सुलिनचं सगळं ठीक आहे असं नाही. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्याच्या जोरावर साखर आटोक्यात राहते. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अधिक अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हॉर्मोन) बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन यकृतात कमी तयार होतं, म्हणून रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पाळी लांबते ती यातूनच. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केली जाणारी साखरेची तपासणी एकदा करून घ्या. नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यात बरंच सुटून जातं.

इनोसिटॉल (मायो आणि डी-कायरो हे त्याचे दोन प्रकार) पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पुढे पोचवायला मदत करतं. अभ्यासांत सर्वाधिक वापरलेलं प्रमाण असं : मायो-इनोसिटॉल दिवसाला ४ ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ दोन भागांत. डी-कायरो-इनोसिटॉल सोबत असेल, तर ४० ला १ या हिशोबाने प्रत्येक वेळी २ ग्रॅम मायो आणि ५० मिलिग्रॅम डी-कायरो. लेबलवर या दोन्ही संख्या सुट्या शोधा. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल असतील तर ४ ग्रॅमसाठी दिवसाला आठ घ्याव्या लागतात. दोन घेऊन ‘फरक पडला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. ज्यात डी-कायरोचं प्रमाण खूप चढं आहे ते उत्पादन टाळा, विशेषतः मूल हवं असेल तर. अंडाशयात ते जास्त झाल्यास स्त्रीबीजाची प्रत बिघडण्याची शंका आहे.

आता याचा भरवसा किती? २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार इनोसिटॉल घेऊन बघायला हरकत नाही, कारण अपाय कमी आहे. पण फायद्याचा पुरावा मर्यादित आहे आणि अमुकच प्रमाण घ्या असं सांगण्याइतका पक्का नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधामागे पुरावा अधिक आहे. म्हणून आमचं मत असं, की सुरू करताना पाळीच्या तारखा लिहायला लागा आणि सहा महिन्यांची मुदत ठरवा. तोवर दोन पाळ्यांमधलं अंतर कमी झालं नाही, तर थांबवा. एक गोष्ट मात्र गोळीवर सोपवून चालणार नाही. पाळी ९० दिवसांहून लांबली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायलाच हवं. वारंवार असं झालं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातून धोका निर्माण होऊ शकतो.

खाण्याबद्दल : पीसीओएसचा म्हणून एखादा खास आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही. त्यामुळे जो वर्षभर निभेल तो निवडा. दर जेवणात प्रथिनांचा पदार्थ हवा आणि दिवसभरात २५ ते ३० ग्रॅम चोथा (फायबर) पोटात जायला हवा. चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं आणि चार दिवसांत तो बेत बंद पडतो. दर आठवड्याला थोडाथोडा वाढवा आणि पाणीही वाढवा. गोड पेयं आधी सोडा, कारण त्यांनी पोट भरत नाही आणि इन्सुलिन मात्र उसळतं. तुमच्या वजनात ४ ते ८ किलोंची घट, म्हणजे ५ ते १० टक्के, एवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते. (ज्यांचं वजन आधीच योग्य आहे त्यांनी हे वाचून जेवण कमी करू नये. कमी खाण्यानेही पाळी बंद पडते.)

प्रश्न : व्हिटॅमिन डी १२ आलं होतं. आठवड्याला ६०,००० युनिटची एक मात्रा, आठ आठवडे, असं लिहून दिलं होतं. बरं वाटलं म्हणून सहा महिने झाले, तशीच चालू आहे. चालेल ना?

उत्तर : आजच थांबवा. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण ८,५०० युनिट. देखरेखीशिवाय रोज घ्यायची कमाल मर्यादा ४,००० आहे. तुमचा कोर्स साठा भरून काढण्यासाठी होता, आणि तो आठ आठवड्यांत संपायला हवा होता. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. आता २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातली डीची पातळी) आणि रक्तातलं कॅल्शियम, दोन्ही तपासा. सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी यांपैकी काही होत असेल तर तपासणी लांबवू नका. कॅल्शियम वाढल्याची ती लक्षणं असू शकतात.

डीची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती कमतरता, आणि ती भरून काढणं हाडांसाठी गरजेचंच आहे. पण पातळी मुळात पुरेशी असताना जास्त डी घेऊन पाळी नियमित होईल, अशी आशा धरू नका. पुढे रोजची छोटी मात्रा सुचवली गेली तर ती स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

प्रश्न : तीन वर्षं मेटफॉर्मिन घेते आहे. दोन महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येतात. वर्षभरात मूल हवं आहे म्हणून फोलिक ॲसिड आणि बी-कॉम्प्लेक्स सुरू केलं. मेटफॉर्मिन बंद करू का?

उत्तर : मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, पण बी-१२ लगेच तपासा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जातं आणि मेटफॉर्मिन त्यात अडथळा आणतं. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असल्याने कमतरता उशिरा उघडी पडते. मांस, अंडी, दूध न घेणाऱ्यांत ती लवकर येते. रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता नक्की. २०० ते ३०० च्या मधे आला तर मिथाइलमॅलॉनिक ॲसिडची (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणी मागून घ्या. बी-कॉम्प्लेक्समुळे आकडा फसवा चढू शकतो, म्हणून ते घेत असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुमच्या पत्रात आम्हाला काळजी वाटते ती फोलिक ॲसिडच्या जोडीची. फोलिक ॲसिडने बी-१२ च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो. हिमोग्लोबिन चांगलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. उपचारात तोंडाने रोज १,००० मायक्रोग्रॅम बी-१२ देतात. रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आत असताना इतकं का? कारण नेहमीचा मार्ग अडला, तर जेमतेम एक टक्का झिरपून आत जातं. मुंग्यांसारखी लक्षणं असताना बरेचदा इंजेक्शनने सुरुवात करतात. बी-कॉम्प्लेक्सच्या डब्यावर बी-६ किती आहे तेही बघा. रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, बरेच महिने घेतलं तर त्यानेही अशाच मुंग्या येऊ शकतात.

फोलिक ॲसिड सोडू नका. ४०० मायक्रोग्रॅम रोज, गर्भधारणेआधी किमान एक महिना, शक्यतो तीन, आणि पुढे बारा आठवडे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचं कळायच्या आधी. ५ मिलिग्रॅमची गोळी फक्त सांगितली तरच घ्यायची, उदाहरणार्थ मधुमेह असेल, अपस्माराची औषधं चालू असतील, किंवा आधीच्या बाळात तसा दोष असेल तर.

प्रश्न : केस फार गळतात. बायोटिन १० मिलिग्रॅम, केस-त्वचा-नखांच्या गोळ्या आणि एक मल्टिव्हिटॅमिन घेते. परवा टेस्टोस्टेरॉन खूप वाढलेलं आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खूप कमी आलं. आधी असं नव्हतं. आजार वाढला का?

उत्तर : निष्कर्ष काढण्याआधी तपासणी पुन्हा करा. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. तुमची गोळी त्याच्या तीनशेपटीहून जास्त आहे. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं हॉर्मोन मोजताना बायोटिनचाच वापर करतात. रक्तात ते भरपूर असलं की मोजमाप बिघडतं : टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडचं टी-४ खोटं वाढलेलं दिसू शकतं, टीएसएच खोटं कमी. यावरून नको ती औषधं सुरू होऊ शकतात. बायोटिन किमान तीन दिवस बंद ठेवून रक्त द्या आणि देताना तसं सांगा.

बायोटिनची खरी कमतरता विरळा असते, त्यामुळे ते परत सुरू करायची गरज आम्हाला दिसत नाही. त्याऐवजी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) बघा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोह कमी पडून केस गळतात. मात्र महिनोन्‌महिने पाळी येत नसेल तर लोह साठलेलंही असू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय लोहाची गोळी नको.

तिन्ही डबे समोर ठेवा आणि एकेका घटकाची बेरीज कागदावर करा. सेलेनियम दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर त्यानेच केस गळतात आणि नखं तुटतात. झिंक ४० मिलिग्रॅमच्या वर बराच काळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. रेटिनॉल स्वरूपातलं व्हिटॅमिन ए ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर गर्भाला व्यंग येऊ शकतं, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ए असलेली गोळी अजिबात घ्यायची नाही. बेरीज झाली की तो कागद आणि नवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. उपचार सुरू झाल्यावर केसांतला फरक दिसायला सहा महिने लागतात. तोवर मधेच नवा डबा आणू नका.