थ्रेसियन ‘सँक्च्युअरी’ला मंदिर म्हणावे का?

बल्गेरियातील पेर्पेरिकोन येथे चाललेल्या उत्खननाविषयीचा मजकूर मराठीत आणताना थ्रेसियन लोकांच्या (बाल्कन प्रदेशातील एक प्राचीन समाज) ‘सँक्च्युअरी’ला, म्हणजे पवित्र जागेला, ‘मंदिर’ म्हणावे की ‘देवस्थान’, आणि ‘मंदिराचे उत्खनन केले’ हा प्रयोग बरोबर आहे का, असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. (भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्यांना ‘अभयारण्य’ सुचवले होते, त्यावर वेगळे काही लिहायला नको.)

‘मंदिर’ म्हटले की मराठी वाचकापुढे भिंती, गाभारा आणि कळस उभा राहतो. पूर्व रोडोपी पर्वतात, कार्द्झाली शहराजवळच्या खडकाळ माथ्यावर पुरातत्त्वज्ञ निकोलाय ओव्चारोव्ह यांच्या पथकाने २००० सालापासून जे उघडे केले, त्यातले बरेचसे रचलेले नसून खडकातच कोरलेले आहे: पायऱ्या, बैठका, पाण्याच्या चऱ्या आणि एक वाटोळी वेदी. ओव्चारोव्ह यांच्या मते डायोनिसस या मद्याच्या ग्रीक देवाचे प्रसिद्ध प्रश्नस्थान (‘ऑरॅकल’, म्हणजे देवाला कौल लावण्याची जागा) ते हेच. सर्व अभ्यासकांना मात्र हे मान्य नाही. त्या प्रश्नस्थानाचे वर्णन स्वेतोनिअस या रोमन चरित्रकाराने केले आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या वडिलांनी थ्रेसमध्ये तिथल्या वेदीवर मद्य ओतताच ज्वाळा देवळाच्या शिखरावरून आकाशापर्यंत गेली, असे तो सांगतो. त्या जागेला त्याने ‘लुकुस’ म्हटले आहे, म्हणजे आपल्याकडची देवराईच. पण त्याच वाक्यात देवळाचे शिखरही आहे. त्यामुळे पेर्पेरिकोनच्या वेदीला सरसकट ‘मंदिर’ म्हणणारा भाषांतरकार नकळत वादातल्या एका पक्षाला जाऊन मिळतो.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा शब्द ‘ठाण’ हा आहे. म्हसोबाचे ठाण म्हणताना कोणीही छप्पर गृहीत धरत नाही. जागा पवित्र, एवढेच पुरते. औपचारिक लेखनात तो गावरान वाटत असेल, तर ‘पूजास्थान’ लिहावे. ‘देवस्थान’ मी टाळीन, कारण आज त्या शब्दाला विश्वस्त मंडळ आणि इनामजमिनी चिकटलेल्या आहेत. बल्गेरियातल्याच स्तारोसेल गावची गोष्ट निराळी: तिथे पुरातत्त्वज्ञ गेओर्गी कितोव्ह यांना २००० साली मातीच्या टेकाडाखाली दगडी दालन सापडले, म्हणून ‘मंदिर’ चालू शकते, मात्र काही जण त्याला थडगे मानतात, तेव्हा ‘टेकाडाखालील दगडी वास्तू’ म्हणणे अधिक सावधपणाचे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे, की उत्खनन जागेचे, टेकाडाचे किंवा थराचे होते, आणि वास्तू त्यात उजेडात येते. ‘मूर्तीचे उत्खनन’ जसे खटकते, तसेच ‘वेदीचे उत्खनन’ही खटकायला हवे. वृत्तपत्रांतील ‘अवैध वाळू उत्खनना’ने कान बिघडवले आहेत, तिथे ‘उपसा’ हा चांगला शब्द पूर्वीपासून आहे. म्हणून वाचकाने आपले वाक्य असे करावे: ‘पेर्पेरिकोन येथील उत्खननात थ्रेसियन पूजास्थानाची खडकात कोरलेली वेदी उघडी झाली.’