घर भाड्याचे, जबाबदारी मालकाची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर भाडेकरू राहतात, खाली आम्ही. त्यांच्या बाथरूमखाली आमच्या छताला ओल येते. दर दिवाळीला रंग देतो, संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटतात. या वेळी चांगली वॉटरप्रूफ पुट्टी लावू का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : पुट्टीचे पैसे वाचवा. दिवाळी ते संक्रांत इंदुरात पाऊस नसतो, तरी छत ओलं आहे. म्हणजे पाणी वरच्या बाथरूमचंच. आता ते नळाच्या लाइनचं की निचऱ्याचं, एवढं शोधायचं.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. भाडेकरू दोन-तीन दिवस गावाला जातील तेव्हा टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. बाथरूम कोरडं असूनही ओल रेघेबाहेर सरकली, तर भिंतीतली लाइन गळतेय. नाही सरकली, तर भाडेकरूंना सांगून नहाणीच्या जाळीत कापडाचा घट्ट बोळा घाला आणि फरशीवर बोटभर पाणी २४ तास साठवा. खाली ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा ट्रॅपच्या (जाळीखालच्या, निचऱ्याचं पाणी घेणाऱ्या भांड्याच्या) कडेला. तरीही काही नाही? मग बोळा काढून दहा-बारा बादल्या ओता. आता गळलं तर ट्रॅपचा किंवा पाइपाचा जोड सुटलाय.

बहुतेक घरांत दुखणं ट्रॅपच्या गळ्याशी निघतं. पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही. स्लॅबच्या भोकात भरलेला माल सुकताना आकसतो आणि पाइपाभोवती केसाएवढी फट राहते. रोजच्या आंघोळीचं पाणी तिथूनच उतरतं. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढा, जुना माल दोन इंच खोल खरवडा, धूळ झाडून भाग ओला करा आणि न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा तयार माल) भरा. साधी वाळू-सिमेंट पुन्हा तेच करेल. वर पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा, भिंतीवर फूटभर चढवून. ते सुकलं की टाइल्स बसवायच्या आधी ४८ तास पाणी साठवून बघा. मिस्त्री घाई करतील; ही परीक्षा मात्र चुकवू नका. टाइल्सचे सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा.

खालचं छत निदान महिनाभर उघडं वाळू द्या. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून परत आत शिरतो. मग हातोडीच्या दांड्याने छत ठोकून ऐका. भद्द, पोकळ आवाज आला तर आत सळई गंजून काँक्रीट सुटलंय. तिथे रंगाआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न : आम्ही भाड्याने दिलेल्या फ्लॅटमधल्या गीझरचं एलिमेंट दीड वर्षात दोनदा जळलं. पाणी आमच्या बोअरचं आहे. खर्च कोणी करायचा?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : बोअरच्या जड पाण्यातला चुना तापल्यावर एलिमेंटवर बसतो. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट स्वतःच तापून फुटतं. दसऱ्याच्या सुमारास, थंडीआधी, दरवर्षी गीझर उघडून घ्या : वीज बंद, पाणी रिकामं, चुना खरवडणं, नवं गॅसकेट. एलिमेंट लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून काही तास बुडवा, फक्त तारांची टोकं कोरडी ठेवा. आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून बसवलेली कांडी) झिजून मधली तार दिसत असेल तर बदला. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवा. गरम नळाला सलग धार लागल्यावरच स्विच चालू करा. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कोणी प्लग ठोकला असेल तर तो आजच काढा. दाब अडला तर टाकी फुटू शकते. घरात नर्मदेच्या (नळाच्या) पाण्याची वेगळी टाकी असेल, तर गीझरची लाइन तिच्यावरून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या यादीत गीझर-दुरुस्ती भाडेकरूकडे आहे आणि वायरिंग, पाइप बदलणं, रंग मालकाकडे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तुमच्या करारात काय लिहिलंय ते पाहा. आमचं मत विचाराल तर, पाणी तुमच्या बोअरचं आहे, तेव्हा वर्षाची सफाई तुम्हीच करून घ्यावी.

प्रश्न : भाडेकरूने एसी लावल्यापासून एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मोठा बसवू.
(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : बसवू देऊ नका. एमसीबी तारेला जपतो. जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा बसवला तर एमसीबी पडायच्या आधी भिंतीतली तार जळेल. एसीसाठी मीटरबोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार ओढा, त्यावर २० अँपिअरचा एमसीबी. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगही तपासून घ्या.